पायरीला पायरी

थोरलीला अर्धांगाचा झटका आला त्याला चार महिने झाले होते. उजवा हात थोडाफार परत आला. बोलणं तर सगळंच परत आलं, आणि धाकटीचं मत विचाराल तर जाताना नेलं त्यापेक्षा जास्तच परत आलं. उजवा पाय मात्र रुसला तो रुसलाच. थोरलीने लग्न केलं नव्हतं, धाकटीचं टिकलं नव्हतं. त्यामुळे दोन खोल्यांच्या त्या घरात दोघीच, आणि रुसलेल्या पायाची समजूत काढायलाही दोघीच.

सकाळी नऊला फिजिओ यायची. काटकुळी मुलगी, पण आवाज पोलिसाचा. वॉकर पलंगाला लावून ती म्हणायची, "चला, उभ्या राहा." आणि थोरली म्हणायची, "आज नको." आधी आठवड्यातून एकदा "आज नको" असायचं, मग रोजचं झालं. शेवटी एक दिवस फिजिओने धाकटीला दाराबाहेर गाठलं.

"मावशी, स्पष्ट सांगते. अजून महिनाभर पाय जमिनीला लागला नाही, तर गुडघा आखडेल. मग मी नाही, माझी आजी आली तरी काही होणार नाही. त्या उभ्या राहू शकतात. राहायचंच नाहीये त्यांना."

का राहायचं नाहीये, ते धाकटीला चांगलं ठाऊक होतं. यात्रेचे दिवस आले होते.

डोंगरावरच्या देवस्थानाला गल्लीतल्या बायका दरवर्षी जायच्या. बसने दिवसभर, रात्री पायथ्याशी मुक्काम, पहाटे चढाई. नऊशे चोवीस पायऱ्या. थोरलीने एकतीस वर्षं एक वर्ष चुकवलं नव्हतं. धाकटीनेही चुकवलं नव्हतं, पण तिची यात्रा वेगळी. पहिल्या वर्षी सामानापाशी कोणी बसायचं असा प्रश्न निघाला आणि थोरली म्हणाली, "तू बस. चपला सांभाळ." धाकटी बसली. दुसऱ्या वर्षी कोणी विचारलंच नाही, सरळ चपला काढून तिच्यासमोर ठेवल्या. असं करत एकतीस वर्षं झाली. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कुणाची टाच झिजलीय, हे धाकटीला तोंडपाठ होतं. देव कसा दिसतो, ते माहीत नव्हतं.

यंदा बायका निघायच्या आदल्या दिवशी थोरलीला भेटायला आल्या. त्यातली एक कळवळून म्हणाली, "ताई, वाईट नका वाटून घेऊ. आम्ही वरून व्हिडिओ कॉल करू ना! घरबसल्या देव."

"मोबाईलवर जेवण दिसतं," थोरली म्हणाली. "पोट भरतं का?"

आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. बायका चुळबुळत उठल्या.

त्या संध्याकाळी दोघी बहिणींचं जुंपलं. धाकटी म्हणाली, पुढच्या वर्षी जाशील, पण त्यासाठी आधी उभी राहा. थोरली म्हणाली, एकदा ओळ तुटली की तुटली, आता पाय उभा करून काय स्वयंपाकघरात मिरवू? धाकटीच्याही जिभेला हाड नव्हतंच. ती म्हणाली, "तू नाही तर तुझ्या वतीने मी चढेन. रजा शिल्लक असती तर उद्याच निघाले असते." रजा सगळी इस्पितळाच्या बाकावर संपली होती.

थोरली हसली. आजारपणानंतर तोंड एका बाजूला ओढलं जायचं, त्यामुळे ते हसू जास्तच बोचलं.

"तू? तू कसली चढतेस! तुझा जन्म गेला बटणं दाबण्यात. तुझी यात्रा चपलांपर्यंत."

आता, धाकटी तिच्या कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवायची हे खरं. लिफ्ट जुनी. दार आपणहून लागायचं नाही, तिसऱ्या मजल्यावर अडखळायची, म्हणून आत स्टूल टाकून माणूस ठेवलेलं. अठ्ठावीस वर्षं ती त्या स्टुलावर बसून वरखाली करत होती. इतकं वर गेलेलं माणूस दुसरं सापडायचं नाही, आणि इतक्या कमी पायऱ्या चढलेलंही. पण खरं बोललेलं लागत नाही असं थोडंच आहे? खरं असलं की जास्तच लागतं. त्या रात्री धाकटी न बोलता जेवली आणि न बोलता झोपली.

दुसऱ्या दिवशी कामावर तिने पहिल्यांदा जिन्याचं दार उघडलं. एका मजल्याच्या पायऱ्या मोजल्या. अकरा, मग वळण, मग अकरा. बावीस. लिफ्टमध्ये येऊन बटणांकडे पाहिलं. सगळ्यात वरचं बटण चौदा. चौदा गुणिले बावीस, तीनशे आठ. तीनशे आठ तिप्पट केले आणि तिच्या अंगावर काटा आला. नऊशे चोवीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. डोंगर जणू कुणी तीन तुकडे करून त्या इमारतीत उभा करून ठेवला होता.

घरी जाऊन तिने पैज लावली. "तुझा डोंगर मी कचेरीत चढते. तीन फेऱ्या. चढले तर तू उभं राहायचं."

थोरली पस्तीस वर्षं गणवेश शिवायच्या कारखान्यात कटर होती. एकावर एक साठ थर कापड लावून कापायचं काम. बोटभर चूक झाली की साठ पोरांच्या बाह्या आखूड. त्यामुळे तिने लगेच हो म्हटलं नाही, नियम घातले.

"एका दिवसात. चढताना मध्ये लिफ्ट नाही."

"आणि खाली यायला?"

थोरलीने विचार केला. "उतरलेलं देव मोजत नाही. खाली लिफ्टने ये. पण चढताना पायरीला पायरी. आणि मला फोनवर ऐकू आलं पाहिजे. तुझा भरवसा नाही."

असं ठरलं. कचेऱ्या नवाला उघडायच्या. सोमवारी सकाळी सातच्या आधीच धाकटीने इमारत गाठली, फोन स्पीकरवर टाकून कापडी पिशवीत घातला, पिशवी गळ्यात अडकवली आणि चपला काढून वॉचमनच्या टेबलाखाली सरकवल्या.

"मावशी, लिफ्ट बिघडली का?" वॉचमनने विचारलं.

"लिफ्ट धडधाकट आहे. ह्या जरा सांभाळ."

वॉचमन चपलांकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा धाकटीच्या चपला दुसरं कोणी सांभाळत होतं, आणि ते तिला फारच आवडलं.

पहिले चार मजले ती ऐटीत चढली. पायऱ्या मोजायला दम पुरत नव्हता, म्हणून प्रत्येक मजल्यावर पोचताच तिने तो पुकारायला सुरुवात केली. सवयच ती. अठ्ठावीस वर्षं लोकांना सांगत आली होती, तसंच पिशवीत तोंड घालून सांगू लागली. "पाचवा मजला!" पिशवीतून थोरली म्हणायची, "हं." "सहावा!" "हं." आठव्याला तिचा श्वास भात्यासारखा वाजू लागला. दहाव्याला डावा गुडघा बोलला. "बारावा!" "हं." "चौदावा! झाली एक फेरी!"

पिशवी क्षणभर गप्प होती. "पुढे चल," थोरली म्हणाली.

दुसऱ्या फेरीला जिना ओला होता. सफाईवाली बादली घेऊन पुसत पुसत वर चालली होती. धाकटीने तिला सगळी हकिगत सांगितली, म्हणजे दर तीन पायऱ्यांना एक शब्द या हिशेबाने सांगितली. सफाईवालीने पोछा पिळला.

"म्हणजे हा जिना चढला की पुण्य?"

"तसं काही नाही..."

"मग तसंच की! मावशी, मी रोज चढते, बादली घेऊन. आठवड्याला दोन डोंगर होत असतील माझे. मला कोण विचारतंय?"

धाकटी कठड्याला धरून उभी राहिली. बाई बोलली ते सोळा आणे खरं होतं. जिना तोच, गुडघे तसेच, उलट बादली जास्तीची. मग हिच्या चढण्याला काम म्हणायचं आणि माझ्या चढण्याला यात्रा, ते कशावरून? तिला एवढंच कळत होतं की पिशवीत एक माणूस कान लावून पडलंय, आणि आपण थांबलो तर ते माणूस कायमचं थांबेल. कदाचित एवढ्यानेच जिन्याचा डोंगर होत असेल. तिने हे बोलून दाखवलं नाही, कारण बोलायला दम नव्हता.

"चढा," सफाईवाली म्हणाली, "पण भिंतीकडून. मध्ये घसरतंय." आणि ती बादली घेऊन पुढे झाली. वर पोचेपर्यंत ती धाकटीच्या दोन पायऱ्या पुढेच राहिली. पुसून झालं तरी थांबायची, म्हातारी आली की मग पुढे.

तिसऱ्या फेरीत मात्र डोंगराने हिसका दाखवला. सातव्याला पोटऱ्यांत गोळे आले. नवव्यावर धाकटी मटकन खाली बसली. समोर लिफ्टचं दार. बटण दाबलं की लिफ्ट वर येणार, आणि आत तिचं स्टूल, उशीसकट. हाक मारत होतं म्हणा ना. सरळ लिफ्टने जायचं, वर जाऊन "चौदावा!" ओरडायचं. पिशवीला थोडेच डोळे आहेत?

"बसलीस का?" पिशवी म्हणाली.

"नाही."

"खोटं बोलू नकोस. बसलीस."

"बरं, बसले! माणूस आहे की हमाल? गुडघे तुझे लागलेत की माझे?"

थोरली म्हणाली, "मीपण बसलेय. उशी घ्यायची आहे पाठीला, हात पोचत नाही."

धाकटी दचकली. चार महिन्यांत थोरली कुणी उठवून बसवल्याशिवाय बसली नव्हती. "तू आपली आपण बसलीस?"

"तू तुझं बघ. नववा झालाय."

धाकटी उठली. दातओठ खाऊन, कठड्याला दोन्ही हातांनी ओढत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढली. लिफ्टच्या दाराकडे तिने पाठ केली. "दहावा." "हं." "अकरावा." "हं." "बारावा." पिशवीतून काही आलं नाही. आणि मग भिंतीवर निळ्या रंगात रंगवलेला चौदा. नवाला पाच मिनिटं होती. धाकटी तिथेच फरशीवर बसून हसायलाच लागली.

वर सफाईवाली बादली रिकामी करत होती. तीही हसली. "पोचलात एकदाच्या! मी नवीन होते तेव्हा पहिल्या दिवशी माझी इथे काय फजिती झाली सांगू? साहेब म्हणाले, सगळे मजले पूस, एक सोडू नकोस. मी बारावा पुसला आणि तेरावा शोधत बसले. वर जाते, खाली येते, तेरावा सापडेना. शेवटी साहेब ओरडले, अगं नाहीच आहे तो! अशुभ म्हणून आकडाच गाळलाय."

धाकटीचं हसू जागच्या जागी गोठलं.

तिला माहीत नव्हतं असं नाही. बाराच्या वर चौदाचं बटण ती अठ्ठावीस वर्षं दाबत होती. नवा माणूस लिफ्टमध्ये शिरला की "तेरावा कुठे गेला?" हा विनोद करायचाच, आणि ती "सुट्टीवर" म्हणायचीच. पण गुणाकार करताना तिने मजले धरले नाहीत, बटण धरलं. जिनेवाल्या माणसाची ही चूक झाली नसती. लिफ्टवालीचीच व्हायची. मजले तेराच होते. एका फेरीला बावीस कमी, तीन फेऱ्यांना सहासष्ट. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथे तेरावा मजला नव्हता म्हणून दुष्काळ.

आणि नेमकी तेव्हा पिशवी बोलली. मागे फिजिओचा आवाज, वॉकर सरकवल्याची खरखर. "झालं का गं? ही पोरगी आलीय. उठू मी?"

आता बघा, इथे "ऊठ" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? थोरली उभी राहिली असती. गुडघा वाचला असता. सहासष्ट पायऱ्यांसाठी देव काही पट्टी घेऊन बसलेला नाही. धाकटीच्या तोंडात तो शब्द आलासुद्धा. पण एकतीस वर्षं ती खाली बसून होती आणि बाकीच्या वर जाऊन आल्या होत्या. आज पहिल्यांदा ती वर निघाली होती. तेही अर्ध्यात सोडून पोचले म्हणायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

"थांब," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "सहासष्ट राहिल्यात. तेरावा मजला नाहीये, ताई. माझी मोजायला चूक झाली."

"माहीत आहे," थोरली म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच फेरीला बारावा म्हणालीस आणि एकदम चौदावा. वाटलं, धाप लागली म्हणून एक गिळलास. दुसऱ्या फेरीलाही तेच. आयुष्यभर कापड मोजलं मी, एक थर कमी पडलेला मला कळत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का, ते बघत होते."

धाकटीचा संताप मस्तकात गेला. "माझे गुडघे फुटतायत आणि तू परीक्षा घेतेस? लाज वाटते का जराशी? चार महिने तुझं हगणंमुतणं काढलं ते काय..." आणि ती रडायलाच लागली. सफाईवाली बादलीकडे बघत राहिली.

"रड," थोरली म्हणाली. तिचाही आवाज भरला होता. "रडून घे आणि चढ. मी ही इथे काठावर येऊन बसते. पाय खाली सोडून."

लिफ्ट खाली आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. तळमजल्यावर रांग लागलेली. दातांचा डॉक्टर, विमा कंपनीतल्या मुली, डबे, छत्र्या, फायली. सगळे आत घुसायला पुढे सरले आणि धाकटी बाहेर आली. तिने दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली.

"बाई, हे काय?" इमारतीचे व्यवस्थापक साहेब पुढे आले. "नऊ वाजलेत!"

"साहेब, दहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन येते."

"मग लिफ्टने जा ना!"

या वाक्यावर वॉचमन इतक्या जोरात हसला की साहेबच ओशाळले. तोवर धाकटी जिन्याला लागली होती. मागे वॉचमनने रांगेला काय सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही, पण पावलं ऐकू आली. आधी दोघांची, मग बऱ्याच जणांची. कुणाला उशीर होत होता म्हणून, कुणाला कुतूहल म्हणून. दातांच्या डॉक्टरला नवव्या मजल्यावर जायचं होतं, तो पुटपुटतच चढत होता. पण तिला ओलांडून पुढे कोणी गेलं नाही. जिना रुंद होता, जाता आलं असतं. सगळे तिच्या चालीने चढत राहिले.

या वेळी तिने मजले पुकारले नाहीत. एकेक पायरी मोजली, मोठ्याने. पिशवीतून थोरलीही मोजत होती. वीस. एकवीस. बावीस. वळणावर विमा कंपनीतल्या एका मुलीने तिचा दंड धरला, आणि तिने धरू दिला. चाळीस. एक्केचाळीस. मागच्या लोकांपैकी कोणीतरी मोजायला लागलं, मग दुसरं. त्रेसष्ट. चौसष्ट.

"थांब!" पिशवी ओरडली.

धाकटी थांबली. मागचा सगळा जिना थांबला. वर दोनच पायऱ्या होत्या.

"शेवटच्या दोन माझ्या," थोरली म्हणाली. "चढता येत नाही, पण चालते. पायरीला पाऊल. चालेल?"

पैज उभं राहण्याची होती. चालण्याचं कोणी काही म्हटलंच नव्हतं.

फोनवर पलंग करकरला. फिजिओचा पोलिसी आवाज म्हणाला, "वजन हातावर. घाई नको. मी धरलंय." मग नुसता श्वास. फार वेळ नुसता श्वास.

"काय झालं? पुढे चला की," मागून डॉक्टर म्हणाला.

"थांबा जरा," धाकटी म्हणाली. "ताई चालतेय."

मग वॉकर टेकल्याचा आवाज आला, त्यामागून फरशीवर पाय ओढल्याचा.

"नऊशे तेवीस," थोरली म्हणाली. तिला धाप लागली होती.

पुन्हा वॉकर. पुन्हा पाय. या वेळी त्याहून उशीर लागला. मध्ये थोरली कण्हली.

"नऊशे चोवीस."

आणि मग फोनवर दोन बायका एकदम रडायला लागल्या, त्यात पोलिसी आवाजाची कुठली ते ओळखू येत नव्हतं.

धाकटीने पदराने तोंड पुसलं, वळली आणि लोकांमधून वाट काढत खाली निघाली. साहेब मधल्या वळणावर उभे होते. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"बाई, दोनच तर राहिल्यात," ते म्हणाले. "एवढ्या आलात, चढून टाका की."

"त्या माझ्या नाहीत," ती म्हणाली, आणि लिफ्ट सुरू करायला खाली उतरली.